‘अंगात ताप नव्हता, मग रक्तात जंतू कुठून आले?’

वाचकांचे प्रश्न : तान्ह्या लेकरांचं आरोग्य

(या महिन्यात आलेली निम्मी पत्रं एकाच दुखण्याची निघाली : तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतू होणं, ज्याला डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात. म्हणून गोवर, दात आणि बाळाच्या बोलण्याचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.)

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं, सरकारी दवाखान्यात, नीट. बाराव्या दिवशी सकाळपासून लेकरू दूध ओढीना. तोंडात धरायचं, दोनदा चोखायचं अन् झोपायचं. रडत नव्हतं, अंग तापलेलं नव्हतं. आम्ही म्हणलं, झोपतंय तर झोपू द्या. शेजारणीनं दृष्ट काढली. रात्री पाय गार लागले. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी बघितलं अन् लगेच बीडला पाठवलं. तिथं म्हणाले, रक्तात जंतू झालेत. चौदा दिवस काचेच्या खोलीत ठेवलं. आता बाळ दोन महिन्यांचं आहे, चांगलं बाळसं धरलंय. पण विहीणबाई म्हणतात, तुमच्याकडं काहीतरी बाहेरचं लागलं. ताप नाही, तर जंतू कसे? अन् आमचं काय चुकलं? – एक आजी, गेवराई तालुका

उत्तर : आजी, विहीणबाईंना सांगा की दिल्लीच्या मोठमोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या, अजून घरसुद्धा न पाहिलेल्या बाळांनाही हेच होतं. तिथं कोणाची दृष्ट लागली म्हणायची?

आता तापाचं. तुमच्या-माझ्या अंगात जंतू शिरले की अंग तापतं, कारण मोठ्या माणसाच्या शरीराला तापण्याची ताकद असते. बारा दिवसांच्या लेकराची ती ताकद कच्ची असते. काही बाळं तापतात, पण पुष्कळशी उलट गार पडतात, विशेषतः वजनाला कमी असलेली आणि दिवस भरायच्या आत झालेली. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत गार पडलेलं लेकरू तापलेल्या लेकराइतकंच आजारी समजायचं. हाताचा पालथा भाग आधी पोटाला लावा, मग तळपायाला. पोट ऊबदार आणि पाय गार असतील तर थंडी वाजतेय; उराशी घ्या, पांघरूण घाला, थोड्या वेळानं पुन्हा बघा. पोटही गार लागलं, तर मात्र गाडी बोलवा.

आणि सगळ्यांत आधी दिसतं ते तुम्ही पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलंय. दूध ओढीना. अंगावर पिणं म्हणजे त्या जिवाचं दिवसभरातलं सगळ्यांत कष्टाचं काम. चोखायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा, तिन्ही एका लयीत. अंगातली शक्ती गेली की पहिल्यांदा हे काम सुटतं. मी ओपीडीत कुठलंही यंत्र लावायच्या आधी आईला एवढंच विचारते, ‘काल कसं पीत होतं?’ काल जोरात ओढणारं लेकरू आज दोन घोटांत थकत असेल, तर मला निम्मं निदान तिथंच मिळतं. आमच्या तपासणीआधी ते आईच्या छातीला कळलेलं असतं. पण बाळंतीण नवखी असते, घरात बोलायला बिचकते, आणि बाकीचे म्हणतात, ‘गुणी आहे लेकरू, रडतच नाही.’ आठवड्या-पंधरवड्याचं बाळ अचानक गुणी झालं की मला धास्तीच वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेनं जन्मापासून ५९ दिवसांपर्यंतच्या बाळासाठी धोक्याच्या खुणा ठरवून दिल्या आहेत. दूध सोडणं, झटके येणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, ताप येणं किंवा गार पडणं, आणि हलवल्याशिवाय हातपाय न हलवणं. यातली एकच खूण पुरते. सगळ्या जमेपर्यंत थांबायचं नसतं.

जंतू कुठून आले ते तुमच्या बाळाच्या बाबतीत मी इथं बसून सांगू शकत नाही. काही जंतू बाळंतपणातच आईकडून येतात, त्यातून पाणमोट फुटून खूप तास गेले असतील किंवा आईला ताप असेल तर जास्तच. काही नाळेतून. बाकीचे हातांतून, मग ते हात घरचे असोत की दवाखान्यातले. पाचवीला आलेली प्रत्येक बाई लेकरू मांडीवर घेते, तोंडाला हात लावते, मुका घेते. पाचवी जरूर पुजा, सटवाईला नशीब लिहू द्या. लेकरू मात्र आईजवळ राहू द्या. घुटी उगाळणं, कानानाकात तेल सोडणं, पोटावर बिब्ब्याचा चटका, हे सगळं बंद. जन्मल्याबरोबर चीक पाजला असेल तर पहिली लस तिथंच मिळाली असं समजा.

चुकलं म्हणाल तर एक रात्र गेली. यापुढं गावात कोणाचं लेकरू दूध सोडील, तेव्हा दृष्ट काढायला कोणी मीठ-मोहरी आणायच्या आत तुम्ही गाडी बोलवा.

प्रश्न : माझ्या मुलाला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी आयसीयूत ठेवलं. रक्त कल्चरला पाठवलं. रिपोर्ट आला, ‘काही वाढ नाही’. तरी सात दिवस इंजेक्शनं चालूच ठेवली. त्याआधी दोन दिवसांत एकदा इंजेक्शन बदललं, आणि नवीन इंजेक्शन पहिल्याच्या कितीतरी पट महाग होतं. रिपोर्टमध्ये काही नव्हतं तर एवढं औषध कशाला? आम्हाला फसवलं का? – एक वडील, लातूर

उत्तर : तुमची फाईल पाहिल्याशिवाय मी कोणाला निर्दोष ठरवणार नाही आणि चोरही म्हणणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या दोन्ही गोष्टी सरळ, प्रामाणिक उपचारातही घडतात.

कल्चर म्हणजे बाळाचं रक्त पोषक द्रव भरलेल्या बाटलीत घालून उबेत ठेवायचं आणि जंतू वाढतात का ते बघायचं. बहुतेक जंतू दोन दिवसांत वाढतात. पण तीन दिवसांच्या बाळाचं रक्त काढणार किती? एक मिलिलिटर मिळालं तरी आम्ही खूश असतो. रक्तात जंतू विरळ असले की ते नेमके त्या एका मिलिलिटरमध्ये सापडतीलच असं नाही. त्यात आधी कुणी एखादं अँटिबायोटिक देऊन पाठवलेलं असेल, तर बाटलीत काही उगवतच नाही. म्हणून कोऱ्या रिपोर्टवर एकट्यावर निर्णय होत नाही. बाळाची अवस्था, बाकीच्या तपासण्या, सगळं मिळून ठरतं. उलटही खरं आहे. बाळ तरतरीत आहे, पितंय, तपासण्या ठीक आहेत आणि कल्चर कोरं आलं, तर इंजेक्शनं लवकर थांबवायला हवीत. ‘असू द्या अजून चार दिवस’ ही आमच्या धंद्यातली वाईट खोड आहे, आणि तिचा भुर्दंड पुढच्या बाळांना बसतो.

तो कसा, ते सांगते. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत तेरा हजारांहून जास्त नवजात बाळांवर लक्ष ठेवलं गेलं. २०१६ साली तो अभ्यास छापून आला. ज्यांच्या रक्तात जंतू सापडले त्यांत निम्म्याहून जास्त वाटा तीनच जंतूंचा होता : ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय. श्रीमंत देशांतल्या पुस्तकांत नवजात बाळांसाठी ज्या स्ट्रेप्टोकोकसचा बागुलबुवा असतो, तो आपल्याकडं क्वचित भेटतो. आणि हे तिन्ही जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. ॲसिनेटोबॅक्टरचे तर पाचातले चार नमुने एकाच वेळी अनेक प्रकारच्या औषधांना पुरून उरणारे निघाले. बहुसंख्य बाळांना हा आजार जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आतच झाला होता.

अशा वेळी डॉक्टर काय करतो? ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन ही जुनी, स्वस्त जोडी लावतो. दोन दिवसांत उतार पडला नाही तर वरच्या पायरीचं औषध काढतो. ते महाग असतं हे खरं. २०१८ ते २०२० मध्ये आपल्यासह अकरा देशांतल्या रुग्णालयांत दोन महिन्यांखालच्या बाळांचा असाच अभ्यास झाला, त्यात डॉक्टरांनी औषधांच्या २०० हून जास्त वेगवेगळ्या जोड्या वापरल्याचं दिसलं. एका आजाराला दोनशे जोड्या! याचा अर्थ जगभर आम्ही चाचपडत चाललोय. तुम्हाला वाटलेला संशय मी त्यामुळंच हसण्यावारी नेत नाही.

डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी कल्चर घेतलं होतं का? कोणती औषधं, किती दिवस? ही नावं डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, पुढं कुठंही गेलात तर लागतात. आणि मुलाची कानाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. जेंटामायसिन, अमिकासिन यांचा क्वचित कानावर परिणाम होतो, आणि हा आजार स्वतःही ऐकण्यावर घाला घालू शकतो. टाळी वाजवली, बाळ दचकलं, एवढ्यावर समाधान मानू नका.

प्रश्न : मॅडम, मी आशा आहे. सहाव्या-सातव्या दिवशी भेटीला गेले की एखादं बाळ मला बरं दिसत नाही. मी चिठ्ठी देते, पण घरचे नेत नाहीत. ‘सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नसती’ म्हणतात. लेकरू दगावलं की मात्र विचारतात, आशानं काय केलं. आमच्या नर्सताई इंजेक्शन देऊ शकतात का? – आशा कार्यकर्ती, हिंगोली जिल्हा

उत्तर : ताई, देऊ शकतात. २०१४ साली केंद्र सरकारनं नियम केला की बाळाला मोठ्या दवाखान्यात नेणं शक्य नसेल किंवा घरचे नेतच नसतील, तर एएनएम ताईंनी, म्हणजे उपकेंद्रातल्या तुमच्या नर्सताईंनी, जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडानं ॲमॉक्सिसिलिन सुरू करावं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनंही ‘नेणं जमत नसेल तेव्हा’ म्हणून अशीच सूचना काढली. तरी मोठ्या दवाखान्याचा आग्रह शेवटपर्यंत सोडायचा नाही. उपकेंद्रात ही औषधं आहेत का, सिरिंज आहेत का, हे आजच नर्सताईंना विचारा. लेकरू आजारी पडल्यावर कपाट उघडून बघू नका.

हे सगळं सुरू झालं ते आपल्याच राज्यात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९३ पासून ३९ गावांत हे करून पाहिलं. गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायकांना त्यांनी बाळ तपासायला शिकवलं आणि घरी जाऊन जेंटामायसिन द्यायलाही. तिथला नवजात बाळांचा मृत्युदर हजारी ६२ वरून २५ वर आला. १९९९ च्या डिसेंबरात ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नावाजलेल्या नियतकालिकात छापलं गेलं, तेव्हा भल्याभल्या डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या होत्या. खेड्यातल्या बाईच्या हातात सुई? तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ज्या भेटी देता, त्यांची मुळं तिथं आहेत. तुमची पिशवी उचलताना कुणी नाक मुरडलं तर त्याला हे सांगा.

श्वास मोजताना घाई करू नका. बाळ शांत असावं, पीत नसावं. कुंची-दुपटं वर करून पोटाकडं बघा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका; नवजात बाळ मध्येच श्वास रोखतं, मध्येच भरभर घेतं. ६० किंवा वर आले तर पुन्हा एकदा मोजा. दोन्ही वेळा तेवढेच आले की थांबायचं नाही.

आता घरच्यांचं. चिठ्ठी सुनेच्या हातात देऊ नका, तिचं कोण ऐकतं? सासूबाईंना जवळ बोलवा, त्यांचाच हात बाळाच्या पोटाला लावायला सांगा, श्वास त्यांच्यासमोर मोठ्यानं मोजा. आकडा त्यांनी स्वतः ऐकला की उंबरठ्याचा विषय मागं पडतो. ‘न्यावं लागंल का?’ असं विचारायचंच नाही. ‘मी १०२ ला फोन लावलाय, बाळाचे कपडे घ्या,’ असं म्हणायचं. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचं औषध, तपासणी, गाडी सगळं मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम ही योजना २०११ पासून आहे आणि आता ती वर्षाच्या बाळापर्यंत लागू आहे. पैशाचं कारण निघालं की हे सांगा. गाडीत बसताना बाळ दुपट्यात गुंडाळून मांडीवर नाही, आईच्या उघड्या छातीला लावून, वरून पदर आणि घोंगडी. गिळत असेल तर वाटेत पिळलेलं दूध थोडं थोडं, उकळलेल्या वाटी-चमच्यानं.

प्रश्न : नाळेला हळद-तेल लावलं तर लवकर वाळते असं सासूबाई म्हणतात. हळद तर जंतुनाशक असते ना? आणि प्रत्येक वेळी हात धुवा म्हणता, उन्हाळ्यात आमच्याकडं आठ-दहा दिवसांनी नळ येतो. – सेलू, जि. परभणी

उत्तर : हळद भाजीत. नाळेवर काही नाही. ना हळद, ना राख, ना पावडर, ना खोबरेल. उघडी, कोरडी ठेवा. लंगोट नाळेच्या खाली बांधा. ती आपोआप गळते, आठवड्यात म्हणा, पंधरवड्यात म्हणा. मुळाशी पू दिसला किंवा भोवतीची कातडी लाल होऊन पसरायला लागली, तर दवाखाना.

पाण्याची अडचण मला सांगू नका असं म्हणायची सोय नाही, मीही इथलीच. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत तरी हात धुवा, हे सांगताना जीभ अडखळायची. पण हात धुवायला बादली लागत नाही. एक तांब्या पाणी आणि साबण, दोघींचे हात निघतात. एकीनं वरून धार धरायची, दुसरीनं चोळायचं, बोटांच्या बेचक्या आणि नखं विसरायची नाहीत. ते सांडपाणी बादलीत पडू द्या, अंगण शिंपडायला होतं. टिपाडात हात बुडवून धुतले तर मात्र धुतले नाहीत असंच धरा. धुणं कमी करायचं असेल तर घेणारी माणसं कमी करा.

प्रश्न : माझ्या वहिनीला सातवा महिना आहे. ऊसतोडीची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असल्यानं दिवाळीनंतर टोळीबरोबर जावंच लागणार. बाळंतपण कारखान्यावर कोपीतच (पाचटाच्या झोपडीतच) होईल असं दिसतं. काय काळजी घ्यावी? – धारूर तालुका, जि. बीड

उत्तर : जाऊ नये, हे माझं पहिलं उत्तर. उचलीच्या हिशोबात एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, हे मला माहीत आहे. तुमचा भाऊ एकटा गेला तर मुकादम काय म्हणेल तेही. तरीही घरात एकदा मांडून बघा, दुसरं कोणी जाण्यासारखं आहे का. पोटुशीच्या जिवावर फिटणारी उचल मला कधीच हिशोबात बसलेली नाही.

जाणारच असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर हवं, पेटीच्या तळाशी नाही, हाताशी. कारखान्यावर पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या आशाला किंवा आरोग्य केंद्राला नाव सांगा. तिथल्या सरकारी दवाखान्यातलं बाळंतपणही मोफतच आहे, गाव कोणतंही असो. टोळी कर्नाटकात गेली तरी योजना केंद्राची आहे. मुकादमाच्या आणि टोळीतल्या अजून दोघांच्या मोबाईलमध्ये १०८ आणि तिथल्या आशाचा नंबर असू द्या. कळा रात्रीच येतात आणि नेमका एकाच फोनला चार्ज नसतो.

बाळ जानेवारीत झालं तर कोपीतली थंडी हाच पहिला शत्रू. उसाच्या पाचटाची भिंत वारा अडवत नाही. शेकोटी कोपीत पेटवू नका, पाचट आहे; धुरानं बाळाची छातीही बिघडते. आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, डोक्यावर टोपडं, यापेक्षा ऊबदार जागा फडावर दुसरी नाही. जन्मल्यावर लगेच आंघोळ नको. आणि चौथ्या दिवसापासून बाईनं मोळ्या बांधायला जायचं, लेकरू मोठ्या बहिणीकडं ठेवायचं, तिनं बाटलीनं दूध पाजायचं, हे दर हंगामात मी बघते. त्या बाटलीची बूच-टोपी कोणत्या पाण्यानं धुतात ते विचारायलाही नको वाटतं. निदान दीड महिना लेकरू आणि आई एका जागी राहतील, एवढं भावाकडून कबूल करून घ्या. कबूल करून घ्यायचं ते दिवाळीआधी. फडावर गेल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.

प्रश्न : ओडिशात बाळांना चांगले जंतू पाजून हा आजार कमी केला असं वाचलं. मेडिकलमध्ये प्रोबायोटिकची पुडी मिळते, ती द्यावी का? शिवाय थर्मामीटर कोणता घ्यावा? – अंबाजोगाई

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. २०१७ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या त्या प्रयोगात ओडिशाच्या खेड्यांतली साडेचार हजारांवर बाळं होती. लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारम नावाचा एक विशिष्ट जंतू आणि त्याचं खाद्य, असं सात दिवस दिलं. आजार किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. पण ती बाळं दोन किलो किंवा जास्त वजनाची, जवळपास दिवस भरलेली आणि अंगावर पिणारी होती. तुमच्या दुकानातल्या पुडीत तोच जंतू तितक्याच संख्येनं आहे, असं धरून चालता येत नाही. कमी वजनाच्या बाळाला तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कुठलीच पुडी नको.

थर्मामीटर डिजिटल घ्या, काचेचा नको. काखेत उभा धरून, हात अंगाशी दाबून, पीप वाजेपर्यंत. ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला की दवाखाना, ९५.९ च्या खाली गेला तरी दवाखाना. काही थर्मामीटर फार खालचा आकडा दाखवतच नाहीत, नुसती ‘एल’ अशी खूण येते. ती यंत्राची बिघाडी समजून सेल बदलत बसू नका. बाळाच्या पोटाला हात लावा.